पितळी बटण

मरताना माझा नवरा हसला, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "फिलू येल मना न्यायला," एवढंच तो पाद्रीबाबाला म्हणाला. फिलू म्हणजे त्याची वारलेली पहिली बायको. औषध मी पाजलं, अंग मी पुसलं, आणि स्वर्गाच्या दारात उभी ती! ठाण्यात आगगाडीला झेंडा दाखवताना घालायचा तो कोट मी त्याच्या अंगावर चढवला. एक पितळी बटण तिनं लावलेलं. दोरा विरला, तरी त्यानं मला कधी हात लावू दिला नाही. तो दोरा मी दातानं तोडला आणि सुईत माझ्या लुगड्याचा लाल धागा ओवला. सकाळपासून रडणारी सासू म्हणाली, "अगो, पेटी मातीत जानार. कोन बगनार बटन?" "ती बगेल ना!" मी फणकारले. सासू रडायची थांबली. "मंग घट्ट शिव गो. त्याचा बापूस पन तिथंच हाय."