लाल फडक्याची फांदी

टेम्पोतून गटाराच्या चेंबरचं नवंकोरं झाकण उतरलं आणि आमची अख्खी गल्ली रस्त्यावर आली.

तक्रार आम्ही कालच दिली होती. नगरपालिका दुसऱ्याच दिवशी कामाला येते, हे कुणी ऐकलंय? दोन वर्षं त्या उघड्या चेंबरमध्ये लाल फडक्याची फांदी खोचून आम्ही पोरांना वाचवत होतो.

"निवडणूक नाही, मंत्री यायचा नाही. मग एवढी घाई कशाला?" खोपकरकाकू कमरेवर हात ठेवून रस्त्यात उभ्या राहिल्या. "रस्ता रुंद करून आमचे ओटे तोडायचे असतील."

"मावशी, फक्त झाकण बसवायचंय," मुकादम म्हणाला.

"फक्त झाकणासाठी चार माणसं?" मी ओरडलो. "आधी साहेबांना घेऊन या, मग हात लावा."

मुकादमाने हात जोडले. झाकण घेऊन टेम्पो वळला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मागच्या गल्लीतले पिंगळे एक हिरवीगार फांदी घेऊन आले. तिलाही लाल फडकं बांधलेलं होतं.

"आमचं चेंबर आज बंद झालं," ते म्हणाले. "आम्ही तर तक्रारही केली नव्हती. तुमची फांदी वाळलीय, ही सकाळीच तोडलेली आहे. ठेवा."