बाबांची मोकळी हवा

दहाचे ठोके पडले आणि विजयकुमारांनी खिडकी सताड उघडली. योकोहामाची जानेवारीतली हवा घरात शिरली आणि सुनेत्राच्या हातातला चहा बघता बघता गार झाला.

रॉकेलचा हीटर पेटलेला असताना घरात विषारी वायू साचू नये म्हणून तासातून एकदा दोन मिनिटं खिडकी उघडायची, एवढाच काय तो नियम. तिचे सासरे विजयकुमार मात्र ती वीस-वीस मिनिटं उघडी ठेवत. दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला माकडटोपी अशा थाटात ते खिडकीशी उभे राहत, छाती भरून श्वास घेत आणि म्हणत, "वा! काय मोकळी हवा आहे!"

"हो ना बाबा, छानच," सुनेत्रा म्हणायची आणि वाजणारे दात ओठांआड लपवायची.

घर ते केवढं! खाली एक खोली, वर झोपण्यापुरती माडी आणि साऱ्या घराला मिळून हा एकच हीटर. त्याला खेटूनच तिच्या नवऱ्याचं, यतीनचं टेबल होतं, कारण लॅपटॉपचा प्लग लागेल अशी भिंतीतली जागा तेवढीच. तो दिवसभर तिथे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसून ऑफिसचं काम करायचा. "तू सांग ना बाबांना," असं तिने त्याला किती वेळा विनवलं होतं.

"अगं, पुण्यातही त्यांना मोकळी हवाच लागते. बोललीस तर मनाला लावून घेतील," म्हणत तो कामात तोंड खुपसायचा.

सासरे तीन महिन्यांसाठी आले होते, त्यातला एक सरला होता. सुनेत्राचा त्यांच्यावर फार जीव. त्यांचं मन दुखवायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. पण आज सकाळी बोटं इतकी बधिर झाली की तिच्या हातातून लाटणंच निसटलं. आता बोलायचंच, असं तिने ठरवलं.

अकरा वाजता विजयकुमार खिडकीकडे निघाले. सुनेत्रा आडवी आली.

"बाबा, रागावू नका, पण दोन मिनिटांत बंद केली तर नाही का चालणार? गारठून जीव जायची वेळ आलीय हो माझ्यावर."

 विजयकुमार माकडटोपी कानावरून वर सारत म्हणाले, "अगं, पण रॉकेलच्या वासाने तुझं डोकं चढतं, त्याचं काय?"

"माझं? छे हो! मोकळी हवा तर तुम्हाला लागते ना?"

"मला? महिनाभर पाठ धरलीय माझी! तुझ्यासाठी म्हणून उभा राहतोय इथे कुडकुडत."

"पण माझं डोकं चढतं, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"मला मोकळी हवा लागते असं तुला ज्याने सांगितलं, त्यानेच."

दोघांनी एकदमच हीटरकडे पाहिलं. शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून यतीन घामाने निथळत होता. तो खुर्चीत ताठ झाला, कमरेत वाकला आणि ऑफिसातल्या साहेबांशी बोलावं तशा अदबीने जपानीत 'हो, हो' करत म्हणाला, "हाय, तानाका-सान! हाय, हाय!"

समोरचा लॅपटॉप मिटलेला होता.