थंड पाइप, गरम हवा

"काका, हात न लावताच तुमाले कसं समजलं, गॅस सरला म्हणून?"

रुचितानं विचारलं, आणि गॅरेजच्या फाटकाशी उभ्या तिच्या शाळेतल्या मैत्रिणींनी, राखीनं अन् रितानं, तोंडावर ओढणी दाबली. विचारून दाखव, अशी पैज त्यांनीच लावली होती. लाखांदुरात तुलाराम मिस्त्रीला उलट प्रश्न करणारं अजून कोणी निघालं नव्हतं. ही तर नुकतीच दहावीचे पेपर देऊन मोकळी झालेली.

गाडीत तिचे आई-बाबा घामानं निथळत बसलेले. भर मे महिन्यात एसी गरम हवा फेकत होता. दोनदा गॅस भरून झाला होता, आणि मिस्त्री तिसऱ्यांदा नळी जोडायला वाकले होते. बाबांनी तिच्याकडे डोळे वटारले.

"मंग तूच सांग," तुलाराम म्हणाले. "चुकली तं माह्या गॅरेजात पुन्हा तोंड उघडाचं नाही."

 रुचितानं हात पुढे केलाच. बॉनेटखालचा एसीचा जाड पाइप थंडगार, वर पाण्याचे थेंब. म्हणजे गॅस होता. ती आईला उतरवून आत घुसली, डॅशबोर्डला कान लावून गरम-थंडचा नॉब फिरवला. तो अर्ध्यातच अडला.

"हीटरची झडप अडकली, काका. थंडी हवा आतच तापून राहिली."

तुलारामनं डॅशबोर्डमधला खण उतरवला. त्यांचा पंजा आत मावेना. तिचा हात कोपरापर्यंत गेला, आणि बाहेर आला तेव्हा मुठीत धान होतं. धान आणि काड्या.

बाबांची मान खाली गेली. नव्या धानाच्या लोंब्यांचं तोरण दाराला बांधतात, तसं त्यांनी दिवाळीला गाडीच्या समोरच्या काचेलाही आतून बांधलं होतं. सहा महिने दाणा दाणा काचेखालच्या फटीतून आत गळत राहिला होता.

नॉब फिरवला. या खेपेला तो शेवटपर्यंत गेला. थंड हवेचा झोत आला तशी आईनं डोळेच मिटले. तुलारामनं गॅसची नळी गुंडाळून खिळ्याला अडकवली. 

रुचितानं ओढणी कमरेला खोचली.

"तुमी दोघं निघा. मी सांजच्या एसटीनं येईन. अन् उद्यापासून सुट्ट्या सरेपर्यंत रोज इथंच, काम शिकायले. काकाले अजून विचारलं नाही, पण माहं ठरलं."