मेव्हिसशिवाय विल्फ

"उद्या त्या तपासणीवाल्या बाई आल्या की तू विल्फच्या खोलीत थांबायचंच नाहीस," डोरीनने बजावलं. "कळलं का?"

"मग त्याला सांभाळणार कोण?" मेव्हिस म्हणाली.

"कोणी नाही! तेच तर हवंय. माझ्या फ्रँकच्या वेळी मी शहाणी त्याचा हात धरून बसले. तो आपला कोकरासारखा गप्प. झालं, बाईंनी लिहिलं, तब्येत उत्तम. सरकारी मदत बंद. मग नेऊन टाकला कुठे, तर पार समुद्राकाठच्या त्या स्वस्तातल्या होममध्ये. तो वारला तेव्हा मी तिकडच्या बसची वाट बघत स्टॉपवर उभी होते, मेव्हिस."

शेजारच्या डोरीनची जीभ तिखट होती, पण ती खोटं बोलायची नाही.

अर्धांगाच्या झटक्यानंतर मेव्हिसचा नवरा विल्फ घराजवळच्या नर्सिंग होममध्ये होता. त्याला सतत नर्स लागते म्हणून सगळा खर्च आरोग्य खातं उचलत होतं. पण दर वर्षी फेरतपासणी व्हायची. आता तेवढी गरज उरली नाही असं ठरलं, की विल्फची रवानगी समुद्राकाठी. मेव्हिसच्या गुडघ्यांना तो प्रवास रोज झेपला नसता. आणि एक दिवस जरी आपण गेलो नाही तर त्याचं काय होईल, या विचारानेच तिचा जीव कासावीस व्हायचा.

इथे ती रोज यायची. बर्फातसुद्धा. तिने दार उघडलं की विल्फ चांगल्या हाताची मूठ आवळायचा. चमचा पुढे केला की तोंड फिरवायचा, कधी सरळ फटका मारायचा. मनगटावरचे काळेनिळे डाग ती बाहीखाली झाकून घ्यायची.

"तोंड उघड, विल्फ. असं नाही, नीट! जन्मात कधी तुला नीट जेवता आलं नाही."

त्याचं तोंड पुसायचं, भांग पुन्हा पाडायचा, टीव्हीवरचं क्रिकेट बंद करायचं, कारण त्या गोंगाटाने त्याला त्रास होणार हे तिला ठाऊक. झटक्यापासून त्याने तिच्याशी ब्रसुद्धा काढला नव्हता. तरी ही बया हटली नाही. अशी चिवट माया मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

"मी आहे म्हणून एवढ्यावर भागतंय," ती तिथल्या नर्सला, अबेनाला, सांगायची. "नाहीतर याने इमारत डोक्यावर घेतली असती."

"मिसेस हॉल्रॉयड, खरं सांगू का..."

"तू चादर बघ, किती चुरगळलीय."

अबेना चादर नीट करायची.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टॅटरसॉलबाई आल्या. मेव्हिसने त्यांना दारातच गाठलं. तो गिळत नाही, बोलत नाही, मारतो, सगळं सांगितलं. "मी जवळ असले की थोडा तरी आवरतो. म्हणून मी बाहेर बसते. तुम्ही खरा विल्फ बघा."

"उत्तम," बाई म्हणाल्या. "जेवण होईपर्यंत मी थांबेन."

मेव्हिस बाहेरच्या खुर्चीत बसली. अबेना जेवणाची गाडी घेऊन आत गेली. ती कानांत प्राण आणून ऐकत राहिली. फेक रे, ती मनात म्हणाली, फेक ती ताटली. मार त्या बाईला. तुझ्या भल्यासाठी सांगतेय.

काही फुटलं नाही. मध्येच कोणीतरी मोठ्याने हसलं. टीव्ही असेल, असं तिने ठरवलं.

बऱ्याच वेळाने टॅटरसॉलबाई बाहेर आल्या. त्यांनी दार अर्धवट लोटलं आणि मेव्हिसशेजारी बसल्या.

"स्वतःच्या हाताने जेवले ते. सगळं संपवलं."

"नाटक आहे ते! परक्या माणसासमोर तो असाच. टाय लावून बसेल, म्हणेल छान चाललंय."

"ते आम्हालाही माहीत असतं. म्हणून तर एवढा वेळ बसले." बाईंचा आवाज मऊ झाला. "मदत चालू ठेवा असं मला लिहिता येणार नाही, मिसेस हॉल्रॉयड. त्यांना बहुधा हलवावं लागेल."

"समुद्राकाठी?" मेव्हिसला रडू फुटलं. "तिथे मी रोज कशी येऊ? मरेल हो तो माझ्यावाचून! त्याला आधी हे सांगा तरी. त्याच्याकडे बघा मग."

"सांगितलं मी त्यांना. रोजच्या भेटी होणार नाहीत, हेही सांगितलं."

"मग?"

बाई काही बोलणार, तोच अर्धवट लोटलेल्या दारातून एक घोगरा, पण अगदी स्पष्ट आवाज आला.

"अबेना, ती गेली असेल तर माझी बॅग भर."