चार नंबरचं लेथ

"यादव, चार नंबरला हार घालू नकोस."

यादवच्या हातातला रॉकेलचा फडका थांबला. सकाळपासून त्याने लेथ असं घासलं होतं की त्यात बघून भांग पाडावा. शेजारी त्याची आई नवसाबाई उभी होती, लेकाचं मशीन बघायला पहाटेच्या एसटीने नामपूरहून आलेली. तिच्या हातात घरच्या झेंडूचा हार होता.

"का हो साहेब?"

"जरा काम आहे."

एवढंच बोलून सावळीराम पुढे सरकला. खंडेनवमीचा दिवस. सातपूरच्या त्या छोट्या कारखान्यात आठ मशीनं, आठ माणसं आणि आज त्यांची बायकापोरंही. ज्याचं मशीन त्यानेच पुजायचं, नारळ फोडायचा, घरच्यांना मिरवून दाखवायचं. आणि एकदा का हळदकुंकू लागलं की त्या दिवशी बटणाला हात लावायचा नाही. शेठसुद्धा ही रीत मोडत नसत.

चार महिन्यांपूर्वीपर्यंत सावळीराम याच लेथवर होता. चौदा वर्षं. मग शेठने त्याला सुपरवायझर केलं आणि सावळीदादाचा साहेब झाला. त्याच्या हाताखालची ही पहिलीच मोठी ऑर्डर. माल न्यायला संध्याकाळी पाचला टेम्पो येणार होता. आणि आज सकाळी पेट्या भरताना त्याच्या लक्षात आलं, शेवटच्या अठ्ठावीस पिना मापात बसत नाहीत. त्या पिनांचं ड्रॉइंग वाचून माप त्यानेच सांगितलं होतं. माणसांनी सांगितलं तसं केलं होतं.

आता हे सांगायचं कुणाला? सणाच्या दिवशी माणसं अडकवायची, तीही आपल्या चुकीपायी? त्याला लाज वाटली. खरं तर भीतीच वाटली. ज्यांच्या डब्यात चौदा वर्षं हात घातला, त्यांच्यासमोर पहिल्याच कामात तोंडघशी पडायचं! त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. आपली चूक आपण निस्तरू, त्यांचा सणही बुडणार नाही. विचार वाईट नव्हता. फक्त तो त्याने एकट्यानेच केला होता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

नवसाबाई त्याच्या मागे मागे आली.

"मन्हा पोऱ्यानं काय चुकनं, भाऊ?"

"काही नाही हो मावशी. त्याचं काही नाही चुकलं."

"मंग हाऊ हार कोनले घालू?"

सावळीराम पेट्यांकडे वळला. म्हातारी हार पदराखाली धरून कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली.

आरती झाली, नारळ फुटले, पेढे वाटले गेले. सात मशीनं नटली, चार नंबर तसंच राहिलं. तीन नंबरवरचा पुंजाराम, सावळीरामच्या बरोबरीचा, प्रसाद देताना कुणाकडेही न बघता म्हणाला, "खुर्ची भेटली तरी काहींचं मशीन सुटत नाय." दोघंतिघं हसले. सावळीरामही हसला, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

जाताना यादव समोर येऊन उभा राहिला.

"साहेब, माझ्या कामात खोट असंल तर तोंडावर सांगा. आईसमोर असं नको होतं."

"खोट नाही रे तुझ्या कामात."

"मग काय हाय?"

सगळं ओठांवर आलं होतं. अठ्ठावीस पिना, चुकलेलं माप, सगळं. पण दारात सगळे चपला घालत थबकले होते, आणि सगळ्यांचे कान इकडेच होते.

"परवा सांगतो," सावळीराम म्हणाला.

यादवने खिशातून लेथचा चक आवळायची चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. "घ्या. तुमचंच होतं."

शेड रिकामी झाल्यावर सावळीरामने शर्ट काढून खुंटीला लावला आणि बटण दाबलं. हात काही विसरले नव्हते. एकामागून एक पिना उतरत गेल्या, मायक्रोमीटर प्रत्येक वेळी बरोबर माप दाखवत राहिला. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटत होतं. पावणेपाचला अठ्ठाविसावी पीन हातात घेऊन तो सवयीने शेजारच्या मशीनकडे वळला. "बघ रे पुंज्या," असं म्हणूनही गेला. तिथे नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या. त्याने पीन पेटीत ठेवली.

पाचच्या ठोक्याला चिमाजी टेम्पो घेऊन आला. पेट्या चढवल्या. मग दोरी आवळता आवळता म्हणाला, "तपासणीचं कार्ड द्या. मागल्या खेपेला एक सही नव्हती, तर कंपनीच्या गेटावरनं गाडी माघारी धाडली त्यांनी."

सावळीरामने कार्ड पुढे ओढलं. त्यात दोन रकाने: बनवणारा आणि तपासणारा. बनवणाऱ्याने आपला माल आपणच पास करायचा नाही, हा साधा नियम. चौदा वर्षं तो पहिल्या रकान्यात सही करत आला होता, चार महिने दुसऱ्यात. पहिल्यात त्याने सही केली आणि पेन दुसऱ्यापाशी थांबलं.

"दुसरं कुनी न्हाय का, साहेब?" चिमाजीने शेडमध्ये डोकावून पाहिलं. "एक सही तर पायजे."

बारा घरांच्या आळीत एखादा फोन असायचा ते दिवस. सगळे केव्हाच बसने घरी गेले होते. आत्ता कुणाच्या घरी पुरण वाटणं चाललं असेल, कुणी पोरांना कपडे घ्यायला मेनरोडला गेला असेल.

"आहेत की," सावळीराम म्हणाला. "आठ माणसं आहेत माझी."

ती आता येतील असं समजून चिमाजी इंजिन बंद करून वाट बघत बसला.