नऊ नोव्हेंबरची माणसं

"दोनशे चौदा माणसं नऊ नोव्हेंबरला जन्मली," स्क्रीनवरून मॅनेजर म्हणाला. "साल वेगवेगळं, पण दिवस-महिना तोच. त्या दिवशी जन्मणाऱ्याला सवलत होती की काय?"

सगळे हसले. तीही हसली. सव्वाअकरा झाले होते आणि बारा वाजता तिने लिहिलेला नियम चालवायचा होता.

ती डेटा आर्किटेक्ट. घर बांधायच्या आधी नकाशा काढतात तसा ती माहितीचा नकाशा काढायची, म्हणून टीममध्ये तिचं नाव पडलं होतं नकाशेवाली. सध्या दोन हॉस्पिटलांच्या पेशंटच्या याद्या एक करायचं काम होतं. तीन लाख नोंदी, त्यात एकेक माणूस दोनदा-तीनदा घुसलेला. तिचा नियम साधा होता. नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच. ताजी नोंद ठेवायची, जुनी पुसायची.

ऑफिस म्हणजे सासूबाईंच्या शिलाई मशीनचं टेबल. मशीन आत दुमडलेलं, पण पायडल शाबूत. विचारात पडली की तिचे पाय आपोआप पायडल मारू लागत आणि पलीकडून कोणीतरी विचारी, "तुमच्याकडे गिरणी आहे का?" सासरे कॅमेऱ्याला फार जपत. पुस्तकाच्या कपाटाकडे जायचं झालं तर कमरेत वाकून, चोरपावलांनी तिच्या मागून जात. त्यांचे गुडघे असे वाजत की मीटिंगमधल्या सगळ्यांना कळे. आपण कोणाला दिसलो नाही, या समजात सासरे मात्र खूश असत.

आज हेडफोनने सकाळीच मान टाकली होती. सगळं बोलणं स्पीकरवर चाललं होतं.

"काउंटरवर कोणीतरी आळस केलाय," ती म्हणाली. "तारीख माहीत नसली की सुचेल ती ठोकून द्यायची."

"यातल्या नऊ जोड्यांची नावं अक्षर न् अक्षर सारखी आहेत," टेस्टर म्हणाली. "सालही तेच. एकत्र करायच्या?"

"करायच्या. माणूस एक, कार्डं दोन."

"गावही एकच आहे." नकाशेवालीपुढे गावाच्या जागी नुसता सहा आकडी कोड होता. टेस्टरने तो उलगडून गावाचं नाव वाचलं.

मागे गुडघे वाजले. वाकून चाललेले सासरे भर मीटिंगमध्ये ताठ उभे राहिले.

"त्या नऊ जोड्या म्हणजे अठरा माणसं आहेत," ते म्हणाले.

तिने मान वळवली. सासरे एकोणतीस वर्षं कुठल्याशा डोंगरातल्या शाळेत मास्तर होते, एवढं तिला माहीत होतं. गावाचं नाव तिने कधी विचारलं नव्हतं.

"तिथे नावं चार-पाचच," सासरे स्क्रीनकडे बघून, वर्गात बोलावं तसं बोलू लागले. "आजीचं नातीला, आजोबांचं नातवाला. पोर शाळेत घालायला आणायचे, पण तारीख कोणाला ठाऊक नसायची. म्हणायचे, पूल वाहून गेला त्याच्या मागच्या साली झालं. रजिस्टरला रिकामा रकाना चालत नसे. साल मी दातांवरून ठरवायचो. दिवस-महिना पदरचा घालायचो."

"सगळ्यांना एकच?" मॅनेजरने विचारलं.

"सगळ्यांना एकच."

तिने माइक बंद केला आणि पहिली जोडी उघडली. सासरे स्टूल ओढून शेजारी बसले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला.

"या दोघी एकाच बाकावर बसायच्या. एक डावखुरी. दुसरीला एकदा पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं तर श्वास कोंडला. चौघांनी खाटेवर घालून डोंगर उतरवली."

जुन्या नोंदीत लाल अक्षरांत लिहिलं होतं: पेनिसिलीन देऊ नये. ताज्या नोंदीत ती ओळच नव्हती. असणार कशी? ती नोंद डावखुरीची होती. बारा वाजता लाल अक्षरं पुसली गेली असती.

पाय पायडलवर थिजले. तिने माइक चालू केला.

"नियम चुकलाय. माझाच आहे. आज चालवायचा नाही."

मॅनेजरने घड्याळ पाहिलं, उसासा टाकला. "वर काय कारण कळवू?"

"कळवा, मास्तरांनी थांबवलं."

त्या दिवशी जेवण तीन वाजता झालं. सासरे एकेकाची खूण सांगत होते, ती टिपून घेत होती. प्रत्येकाला हॉस्पिटलमधून फोन करून खात्री करायची, तोवर कोणाचीही नोंद पुसायची नाही, असं ठरलं. चारला तिने लॅपटॉप मिटला. सासूबाई चहा घेऊन आल्या.

"बाबा, एक राहिलं," ती म्हणाली. "शाळा काही नोव्हेंबरात उघडत नाही. मग हीच तारीख का?"

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि हळूच मान डोलावली.

"आमची पहिली मुलगी नऊ नोव्हेंबरला झाली, आणि दहाला गेली," सासरे म्हणाले. "तारीख तेवढी उरली होती. ती वाटून टाकली."