गव्हाणीखालची बंदूक

पावोने गव्हाणीखालची शेवटची वीट उपटली आणि कमरेवर हात ठेवून मुलाकडे बघत उभा राहिला. "आता तूच काढ. गंजाचा गोळा झाला असेल. पोलिसांच्या हातात द्यायचीही लाज वाटेल."

क्रोएशियातल्या स्लावोनिया भागातल्या त्या गावात घरोघरी दोन गोष्टी हमखास सापडत. एक रकियाची, म्हणजे घरी गाळलेल्या फळांच्या दारूची बाटली आणि दुसरी नव्वदच्या दशकातल्या युद्धातून आणलेली बंदूक. पहिली पाहुण्यांपुढे यायची, दुसरी जमिनीखाली जायची. पावोने आघाडीवरून आणली होती ती श्मायझर, हातभर लांबीची यंत्रबंदूक. आणली त्याच रात्री पुरली आणि बायकोलाही पत्ता लागू दिला नाही, असं तो मोठ्या अभिमानाने सांगायचा.

आता मात्र ती बंदूक घराबाहेर काढणं भाग होतं. त्याचा मुलगा तिहोमिर नेमबाजीच्या क्लबात जायचा. दिसायला अगदी तशीच, पण कायद्यात बसणारी कार्बाइन बंदूक त्याने दुकानात ठरवून ठेवली होती. परवाना देण्याआधी पोलीस घरी येऊन बंदुकीचं कपाट बघणार होते. त्या वेळी ही सापडली असती तर परवाना राहिला बाजूला, बापलेक दोघेही गजाआड गेले असते. आपणहून दिली तर शिक्षा नव्हती. तिहोमिरने सकाळीच फोन केला होता आणि साध्या कपड्यातले दोन पोलीस जेवणाआधी येणार होते.

"लढाया आम्ही मारल्या आणि परवाने तुम्ही काढा," पावो कुरकुरला. "क्लबातल्या कागदाला भोकं पाडायला बंदूक लागते होय रे? सुई घे की आईची."

"बाबा, भाषण नंतर. बाजूला व्हा."

तिहोमिरने खड्ड्यातून गाठोडं वर ओढलं आणि गव्हाणीवर ठेवून सोडलं. दोघेही बघतच राहिले.

गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता. लोखंड काळंभोर चमकत होतं आणि ताज्या तेलाचा वास गोठाभर पसरला. भोवतीचं फडकं म्हणजे पावोचाच निळा सदरा होता, गेल्या ईस्टरला कोपरावर फाटलेला. तिहोमिरने गोळ्यांची पेटी काढून पाहिली. ती काठोकाठ भरलेली होती.

"तू!" पावो ओरडला. "माझ्या पाठीमागे उद्योग करतोस? कुठे घेऊन गेला होतास हिला?"

"मी?" तिहोमिर पांढराफटक पडला होता. "ही जागा तुम्ही मला काल दाखवलीत, बाबा! आणि परवान्यासाठी वर्षभर खेटे घालणारा मी हिला हात लावीन? खरं सांगा, तुम्हीच रात्रीबेरात्री…"

"देवाशपथ, पुरल्यापासून मी तिचं तोंडही पाहिलेलं नाही!"

कुणीतरी त्याच्या गोठ्यात येत होतं, त्याच्या विटा काढत होतं आणि पुन्हा जशाच्या तशा बसवत होतं. तो घरात पलंगावर घोरत असताना.

"शिलाई मशीनचं तेल आहे ते," दारातून आवाज आला.

यान्या उभी होती. पावोची बायको. पावाचं पीठ मळताना उठून आली असावी, कोपरापर्यंत पीठ होतं.

"दरवर्षी डुकरं कापून झाली की पुसते," ती म्हणाली. "त्या दिवशी तू पिऊन आडवा होतोस. दुसऱ्या दिवशी दुपारशिवाय उठत नाहीस."

"अगं, पण तुला कसं कळलं?"

"पावो, गाईंची धार कोण काढायचं? विटा हललेल्या मला दिसणार नाहीत?"

पावोला हसावं की ओरडावं कळेना. "पण कशाला, बाई? युद्ध संपून तुझ्या पोराच्या डोक्यावर टक्कल पडलं!"

"घरात बाई एकटी असते."

"एकटी? मी आहे की!"

"आता आहेस," यान्या म्हणाली.

ती आत आली. तिने बंदुकीवरून हात फिरवला, पाळलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. लोखंडावर पिठाचे पट्टे उमटले. मग ती मुलाकडे वळली.

"तुझी नवी कशी चालते रे?"

तिहोमिरला हायसं वाटलं. बोलायला काहीतरी सापडलं होतं. "अशीच असते, आई. हीच पकड, एवढीच लांबी. फक्त हिचा चाप धरून ठेवला की गोळ्या सुटतच राहतात. तसली घरात ठेवायला परवानगी नाही. माझी एका वेळी एकच सोडते. चाप सोडायचा, पुन्हा ओढायचा."

"एका वेळी एकच?"

"निशाणावर मारायला तेवढी पुरते की."

रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. दार लावल्याचे दोन आवाज आले. तिहोमिर घाईघाईने गाठोडं बांधू लागला. यान्याचा हात अजून बंदुकीवरच होता. तो बाजूला करायला पावोने तिचं मनगट धरलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिचा हात एवढा गार कधी पाहिला नव्हता.

"सोड ना, यान्या. एवढं वाटत असेल तर पोराची नवी येणारच आहे की घरात."

"ती नाही पुरायची," यान्या म्हणाली. "तू आघाडीवर होतास तेव्हा घरात जे आले, ते तिघे होते."